कापणीच्या सणाला स्तोत्र ९५ पूर्ण गायचं की अर्धं?

पेटीवाला_सदर:

सगळ्यांना सलाम. नागपुरात सदरच्या बाजूच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी पेटी वाजवतो. नोव्हेंबरातल्या कापणीच्या सणासाठी आमची गायनमंडळी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ९५ बसवते आहे. केरव्यात चाल लागली आहे, ढोलकीवर कॉलेजातला एक मुलगा आहे. पहिली सहा वचनं सुरू झाली की मागच्या बाकांवरच्या आजीबाईसुद्धा टाळ्या धरतात. या, जयजयकार करू, तारणाच्या खडकासमोर हर्षाने गाऊ. समुद्र त्याचा, कोरडी जमीन त्याची, आपण त्याच्या कुरणातली मेंढरं.

आणि मग सातव्या वचनाच्या मध्यावर सगळं पालटतं. आज त्याची वाणी ऐकाल तर मनं कठीण करू नका. मरीबा, मस्सा, चाळीस वर्षांचा वीट, आणि शेवटी देवाची शपथ की हे लोक माझ्या विसाव्यात येणार नाहीत. तिथेच स्तोत्र संपतं. पुढे दिलाशाची एक ओळ नाही.

सरावाला निम्म्या लोकांचं म्हणणं पडलं की सणाच्या दिवशी हे नको, सहाव्या वचनावर थांबू. माझं मत पूर्ण गावं असं आहे. ज्याने हे स्तोत्र रचलं त्याने नाचणं आणि ऐकणं एकाच श्वासात ठेवलं. आपण त्यातलं गोड तेवढं उचलायचं, हे मनाला पटत नाही. पण मी एकटा ठरवणारा कोण? तुमच्या मंडळीत काय करतात, तुम्हाला काय वाटतं, सांगा.

मोहननगरची_लेक:

दादा, मी गाळा म्हणणाऱ्यांपैकी आहे, म्हणून आधी लिहिते. कापणीच्या सणाला आमच्याकडे शेजारपाजारचे सगळे येतात. कुणी भोपळा आणतं, कुणी तांदूळ, कुणी घरचं लोणचं. नंतर वस्तूंचा लिलाव होतो, मुलं उड्या मारत असतात. त्या वातावरणात शेवटची ओळ "माझ्या रागात मी शपथ वाहिली" अशी यायची आणि गाणं तिथेच तुटायचं? पहिल्यांदा देवळात आलेला माणूस काय घेऊन घरी जाईल?

शिवाय स्तोत्र १०० आहेच की. पाच वचनांचं, हर्षाने सेवा करा, गीत गात त्याच्यासमोर या. तेही मेंढरांबद्दल बोलतं. ते गा ना.

निवृत्त_मास्तर:

लेकीचा प्रश्न नवा नाही, आणि तो गंभीर आहे. इंग्लंडच्या चर्चच्या सकाळच्या उपासनेत हे स्तोत्र रोज पूर्ण म्हणायची रीत होती. १७८९ साली अमेरिकेतल्या त्यांच्याच परंपरेच्या लोकांनी आपलं प्रार्थनापुस्तक केलं तेव्हा नेमका हाच शेवट काढला आणि त्याजागी स्तोत्र ९६ मधली दोन वचनं जोडली. म्हणजे सदरमधल्या सरावात झालेला वाद सव्वादोनशे वर्षांपूर्वी छापील पुस्तकातही उतरला होता.

उलट बाजूही सांगतो. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमात रात्रीच्या उपासनेच्या आरंभी हे स्तोत्र रोज म्हणायला सांगितलं आहे. कॅथॉलिक पाळक आणि धर्मभगिनी आजही दिवसाची पहिली प्रार्थना बहुधा याच स्तोत्राने उघडतात. यहुदी लोक शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाचं स्वागत करतात त्यातही पहिलं स्तोत्र हेच, आणि शब्बाथ तर त्यांच्या आठवड्यातला सर्वांत आनंदाचा वेळ. त्या आनंदाच्या दारातच ते मरीबाची आठवण काढतात.

आपल्या नागपुराचीही एक गोष्ट. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या लोकांच्या उपासनेत तेव्हा गायन म्हणजे प्रामुख्याने छंदात बसवलेली स्तोत्रंच, तीही वाद्याविना. आपल्या पेटीवाल्यांना तिथे काही काम नसतं, पण स्तोत्राचं ओळीमागून ओळ गाणं त्यांच्या हाडात होतं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. प्रत्येकाची गाण्याची पद्धत निराळी होती, स्तोत्रसंहिता मात्र सगळ्यांची एकच.

वारीकर_महाल:

मी ख्रिस्ती नाही, इथल्या महाल भागात राहतो, घरी वारीची परंपरा आहे. धागा दिसला म्हणून थांबलो. दोन गोष्टी.

एक, मरीबाला घडलं तरी काय, ते कुणी नीट सांगाल का? त्याशिवाय हा राग कळत नाही.

दुसरं, आमच्याकडे कीर्तनात माणूस देहभान विसरून नाचतो आणि त्याच माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ असते. माळ घातली म्हणजे मांसाहार सुटला, एकादशी आली, खोटं बोलायची चोरी झाली. नाचणाऱ्याला माळ जड होत नाही. तुमच्या स्तोत्रांत आनंद आणि आज्ञा यांचं नातं तसंच काहीसं आहे का, हे जाणून घ्यायचं आहे.

पेटीवाला_सदर:

वारीकर भाऊ, मनापासून आभार. जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या स्तोत्राचं मर्म इथेच आहे.

निर्गम नावाच्या पुस्तकात ही गोष्ट आहे. मिसर देशाच्या गुलामीतून लोक सुटले, समुद्र दुभंगला, पलीकडे पोचले. पंधराव्या अध्यायात मोशे आणि सगळे लोक गातात. मिर्याम डफ घेते, तिच्यामागे सगळ्या बायका डफ घेऊन नाचत निघतात. पवित्र शास्त्रातल्या सर्वांत मोठ्या जल्लोषांपैकी तो एक. आता त्याच अध्यायात थोडं खाली या. तीन दिवस रानात चालले, पाणी मिळालं नाही, मिळालं ते कडू निघालं, आणि लोक कुरकुर करू लागले. डफ वाजवून तीन दिवस झाले होते, फक्त तीन!

सतराव्या अध्यायात रफीदीमला पुन्हा पाणी नाही. या वेळी ते मोशेशी भांडतात, त्याला वाटतं हे मला दगडमार करतील. आणि ते विचारतात, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? तहान लागणं हा अपराध नव्हताच. देवाने त्यांना पाणी दिलं, खडकातून दिलं. जागेला नाव पडलं मस्सा आणि मरीबा, म्हणजे परीक्षेची आणि भांडणाची जागा.

आता स्तोत्राचं पहिलं वचन पुन्हा वाचा. देवाला काय म्हटलंय? तारणाचा खडक. ज्याने हे गीत रचलं तो पहिल्याच ओळीत आपल्याला त्या खडकापाशी नेऊन उभा करतो असं मला वाटतं. तिथे पाणी फुटलं म्हणून आपण गातो, आणि त्याच जागी आपल्या वाडवडिलांनी देवावर संशय घेतला म्हणून सावध राहतो. शेवट कापला तर पहिल्या ओळीतला खडक नुसता एक भारदस्त शब्द होऊन बसतो.

समुद्रकाठी सुरेल गाऊन तीन दिवसांनी तोंड फिरवणारी माणसं त्याने ओळखली होती. म्हणून तो गाण्याच्या मधोमध थांबून "आज" म्हणतो. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायात हाच "आज" पुन्हा पुन्हा उचलला आहे.

मोहननगरची_लेक:

खडकाचं माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. हे बालशाळेच्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

तरी माझी अडचण उरते, दादा. समजावून सांगायला अर्धा तास लागतो आणि गाणं चार मिनिटांत संपतं.

पंचेचाळीस_अंश:

मी तरुण संघातला. थोडं कडक लिहितो, राग नसावा.

"आज्ञापालन" हा शब्द ऐकला की आमच्या पिढीचे कान बंद होतात, आणि काहून ते मोठ्यांनी ऐकून घ्यावं. मी लहानाचा मोठा झालो त्या मंडळीत आज्ञापालन म्हणजे वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारू नको, कमिटीचा हिशोब मागू नको, मागच्या बाकावर गप बस. गिटार आणली तर तोंडं वाकडी. आम्ही मोकळेपणाने गायला लागलो की कुणीतरी उठून मनं कठीण करू नका हेच वचन आमच्यावर फेकणार. मग आम्ही म्हणतो, बावा, आम्हाला नुसतं गाऊ द्या.

निवृत्त_मास्तर:

मुला, तुझं बोलणं लागतं, आणि लागायलाच हवं.

म्हणूनच म्हणतो, स्तोत्रांत आज्ञापालन कशाला म्हटलं आहे ते उघडून पाहा. स्तोत्र १५ विचारतं, परमेश्वरा, तुझ्या मंडपात कोण राहील? उत्तरात वडिलांची मर्जी कुठेच नाही. मनापासून खरं बोलणारा. चुगली न करणारा. वचन दिल्यावर स्वतःचं नुकसान झालं तरी न फिरवणारा. पैसा व्याजाने न देणारा, निर्दोष माणसाविरुद्ध लाच न घेणारा. ही यादी तरुणांपेक्षा कमिटीला जास्त झोंबेल. हिशोब मागणं या स्तोत्राच्या विरुद्ध नाही, त्याच्या बाजूचं आहे.

आणि स्तोत्र ५०? त्यात देव म्हणतो, हजार डोंगरांवरची गुरं माझीच आहेत, मला भूक लागली तरी तुम्हाला सांगणार नाही. मग दुर्जनाला विचारतो, माझे नियम तोंडाने म्हणायचा तुला काय अधिकार? चोर दिसला की तू त्याच्याशी सलगी करतोस. वाद्यांबद्दल तिथे देवाची तक्रार नाही. वाद्यांची यादी हवी तर शेवटच्या स्तोत्रात आहे: शिंग, सतार, वीणा, डफ, नाच, तंतुवाद्यं, बासरी, झांजा. तुझ्या गिटारीला त्यात जागा आहे.

हे वचन कुणी तुझ्यावर फेकलं तर त्याला सांग की "आपण" मेंढरं असं तिथे आहे. बोलणारा स्वतःला वगळून बोलत नाही.

पंचेचाळीस_अंश:

मास्तर, स्तोत्र १५ आजवर माझ्यासमोर कुणी असं वाचलंच नव्हतं. तरुण संघाच्या पुढच्या बैठकीत हेच घेतो. हिशोबाचं पण बोलतो.

रात्रपाळी:

मी नर्स आहे. ड्यूटीवरून आल्यावर वाचते, म्हणून उशिरा लिहिते आहे.

इथे सगळे आनंद आणि आज्ञा म्हणून बोलत आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. आनंद हीच आज्ञा असेल तर? स्तोत्र १०० सरळ हुकूम करतं, हर्षाने सेवा करा. यंदा आमच्या घरातलं एक माणूस गेलं. देवळात जाते, उभी राहते, ओठ हलवते. आतून काही येत नाही. कापणीच्या सणाला सगळे टाळ्या वाजवणार, आणि माझ्याकडून ती आज्ञा मोडली जाणार, असं वाटत राहतं. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात तर लिहिलंय की तुम्ही हर्षाने आणि उल्हासाने सेवा केली नाही म्हणून शत्रूंची सेवा कराल. ते वचन मला रात्री आठवतं.

मोहननगरची_लेक:

ताई, तुमचं वाचून हातातलं काम ठेवलं.

अनुवाद २८ मधलं ते वचन पूर्ण वाचा हो. तिथे म्हटलंय, सगळ्या गोष्टींची विपुलता असताना तुम्ही हर्षाने सेवा केली नाही. भरल्या घरात तोंड पाडून बसणाऱ्यांबद्दल आहे ते. तुमच्याबद्दल नाही.

आणि स्तोत्रसंहितेत रडणाऱ्यांची गाणी किती आहेत पाहा. स्तोत्र १३ सुरू होतं ते "हे परमेश्वरा, कुठवर?" असं विचारत. स्तोत्र ४२ मध्ये तो म्हणतो, रात्रंदिवस माझे अश्रूच माझा आहार झाले आहेत. त्याला आठवतं की आपण जमावाबरोबर हर्षाने गात देवाच्या घरी जायचो, आणि आता जाता येत नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजेड नाही. तरी ते काढून टाकलं नाही कुणी. स्तोत्र १३७ मध्ये बाबेलच्या नदीकाठी बंदिवासातल्या इस्राएल लोकांना गा म्हणतात, आणि ते वीणा वाळुंजांवर टांगतात. गात नाहीत. तेही प्रार्थनेच्याच पुस्तकात आहे.

तुम्ही देवळात येऊन उभ्या राहता ना? माझ्या लेखी तुम्ही आज्ञा मोडलेली नाही. टाळ्या आम्ही वाजवू. तुम्ही माझ्या शेजारी बसा, जागा धरून ठेवते.

आणि दादा, हे लिहिताना मला जाणवलं की अंधारात संपणारं स्तोत्र मी ताईंना दिलाशासाठी दाखवते आहे, तर इशाऱ्यावर संपणारं स्तोत्र सणातून काढा असं कोणत्या तोंडाने म्हणू? माझं मत बदललं. पूर्ण गाऊ.

रात्रपाळी:

येईन. विपुलतेचा तो शब्द माझ्या वाचनातून निसटत होता. देव तुमचं बरं करो.

वारीकर_महाल:

उत्तरं वाचून मी स्तोत्रसंहिता उघडून बसलो आहे, मराठी प्रत ओळखीच्या एका घरातून आणली. पहिल्याच स्तोत्रात परमेश्वराच्या नियमशास्त्रात रमणारा माणूस आहे, रात्रंदिवस त्याचंच मनन करणारा. शेवटच्या, १५० व्या स्तोत्रात नियम नाही, आज्ञा नाही, नुसती स्तुती, श्वास असलेल्या प्रत्येकाने करायची. मधला सगळा प्रवास या दोन टोकांमधला.

११९ वं फार मोठं आहे. १७६ वचनं. पण त्यात एक जागा सापडली, ५४ वं वचन: माझ्या प्रवासाच्या घरी तुझे नियम मला गीतं झाले आहेत. पायी चालणाऱ्याला हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. माळेबद्दल मी विचारलं होतं त्याचं उत्तर मला इथे मिळालं.

निवृत्त_मास्तर:

वारीकर, १३६ वं वचनही पाहा. लोक तुझं नियमशास्त्र पाळत नाहीत म्हणून माझ्या डोळ्यांतून पाण्याचे पाट वाहतात, असं तोच म्हणतो. नियमांची गीतं करणाराच नियम मोडलेले पाहून रडतो. त्याला शिक्षेची घाई नाही, दुःख आहे. ९५ व्या स्तोत्रातला राग वाचताना मी नेहमी हे वचन जवळ ठेवतो.

पेटीवाल्यांसाठी अजून एक. स्तोत्र ८१ हे ९५ चं सख्खं भावंड आहे. तेही डफ, वीणा, शिंग घेऊन सुरू होतं, आणि चौथ्या वचनात म्हणतं की हा इस्राएलासाठी विधी आहे. म्हणजे वाजवणं हेच तिथे आज्ञापालन. पुढे मरीबाही येते, माझ्या लोकांनी माझं ऐकलं नाही हेही येतं. पण शेवट निराळा: ऐकतील तर त्यांना उत्तम गहू खायला देईन, खडकातल्या मधाने तृप्त करीन. कापणीच्या सणाला याहून चांगली ओळ कुठली? ९५ पूर्ण गा, जरा थांबा, आणि मग ८१ ची शेवटची चार वचनं कुणीतरी वाचा. काही कापावं लागणार नाही, वरून काही चिकटवावंही लागणार नाही. देवाचा शब्द देवाच्याच शब्दाने पुढे जाईल.

पेटीवाला_सदर:

मास्तर, हे बसतंय. सातव्या वचनाच्या मध्यापासून ढोलकी बंद, पेटीवर फक्त सूर धरायचा, आणि आठ ते अकरा ही वचनं एकाच आवाजात. तिथे देव स्वतः बोलतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून गाण्यापेक्षा सगळ्यांनी ऐकावं हे बरं. लेकी, तो आवाज तुझा असावा असं मला वाटतं. मुलांना खडकाची गोष्ट आदल्या रविवारी सांगून टाक.

संत्रा_बाग_काटोल:

मी काटोलकडचा, संत्र्याची बाग आहे. दर वर्षी आंबिया बहाराचा पहिला तोडा नागपूरच्या मंडळीत सणाला आणतो. चाल कशी लावायची ते तुमचं तुम्ही पाहा, मला त्यातलं कळत नाही. माझं म्हणणं जेवणाबद्दल आहे.

लेकीने अनुवाद २८ काढला म्हणून मी १६ वा काढतो. कापणीचे सण कसे करायचे ते त्यात सांगितलं आहे. आनंद कर असा हुकूम आहे, आणि लगेच कुणाकुणाबरोबर तेही: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, दासी, तुझ्या गावातला लेवी, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस, परका, अनाथ, विधवा. एकट्याने केलेला आनंद तिथे मोजलाच नाही.

आता आपल्या सणाला पाहा. संत्री माझ्या नावाने पुढे ठेवली जातात. ती तोडणाऱ्या बाया, क्रेट उचलणारी पोरं, गाडीवाला, यांतलं कुणीही तिथे नसतं. लिलावात वस्तू घेणारे आपणच, जेवणाच्या पंगतीला आपणच. स्तोत्र ९५ मधला इशारा आम्हा बागवाल्यांना कुठे लागतो, तर इथे लागतो. "आज ऐकाल तर" म्हणजे यंदाच्या नोव्हेंबरात. मजुरी सणाआधी चुकती करणं आणि पंगतीला त्यांना बोलावणं, दोन्ही. नुसतं जेवू घालून मजुरी थकवली तर स्तोत्र ५० आहेच.

माझ्याकडे तोडणीला येणाऱ्या बायांत ख्रिस्ती कुणी नाही. त्यांना उपासनेला बसायचा आग्रह करायचा नाही, पण जेवण सगळ्यांबरोबर, त्याच टेबलांवर. गाडीची सोय मी करतो. कमिटीला कोण सांगेल?

पंचेचाळीस_अंश:

मी सांगतो. तरुण संघाची पोरं वाढायला राहतील. किती जण येतील तेवढं आधी कळवा, भाताचा अंदाज घ्यावा लागेल.

रात्रपाळी:

त्या आठवड्यात माझी दिवसाची ड्यूटी आहे, रविवारी सुट्टी. वाढायला मलाही धरा.

संत्रा_बाग_काटोल:

बायांना विचारलं. तोडणीच्या दिवसांत रविवारी सकाळी त्यांना यायला जमणार नाही, दुपारी दोननंतर येतील. पंगत तोवर थांबवता येईल का, तेवढं पाळकसाहेबांना विचारून इथेच लिहा.